आठ बिटांच्या चिपवर सोळा बिटांचा हिशेब: काटकसरी हार्डवेअरवर न्यूरल नेटवर्क अचूक कसं चालवायचं

फोटोतली वस्तू ओळखणारं मॉडेल इंट८ मध्ये, म्हणजे आठ बिटांच्या पूर्णांकांत उतरवलं तर बहुतेक वेळा फारसं काही बिघडत नाही. अनेक वर्गांतून एक निवडायचा असतो, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. पण मॉडेलचं उत्तर म्हणजेच एखादी मोजलेली संख्या असेल, जसं खोलीचा नकाशा, आवाजातला गोंगाट काढणं, प्रतिमेचं रिझोल्यूशन वाढवणं किंवा सेन्सरवरून अंदाज बांधणं, तर आठ बिट तोकडे पडतात. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर आठ बिटांत ४८ ते ५० डेसिबलच्या आसपासच गुणवत्ता मिळते. सपाट भिंतीच्या नकाशात पायऱ्या दिसू लागतात आणि शांत आवाजाच्या मागे खरखर ऐकू येते.

अशा वेळी लोक सगळं मॉडेल पुन्हा एफपी३२ वर (३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकांसकटच्या संख्यांवर) नेतात आणि बॅटरीचा जीव घेतात. त्याची गरज नसते. सोळा बिटांची संख्या आठ-आठ बिटांच्या दोन तुकड्यांत फोडून, आठ बिटांचे तेच गुणक (गुणाकार करणारी सर्किटं) दोन-तीन वेळा वापरून सोळा बिटांची अचूकता मिळवता येते. चिप बदलत नाही, हिशेब मांडण्याची पद्धत बदलते. मात्र त्यात काही ठिकाणी घसरायला होतं. म्हणून पुढे क्रमाने जाऊ.

हे परवडतं का?

चिप-संशोधक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ च्या आयएसएससीसी या चिप-रचनेच्या परिषदेत ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी मांडलेले आकडे आजही अंदाज बांधायला उपयोगी पडतात. आठ बिटांच्या एका गुणाकाराला ०.२ पिकोज्यूल ऊर्जा आणि ३२ बिटांच्या पूर्णांक बेरजेला ०.१ पिकोज्यूल. एफपी३२ चा गुणाकार ३.७ आणि बेरीज ०.९. म्हणजे एफपी३२ मधली 'गुणा आणि मिळवा' ही एक क्रिया ४.६ पिकोज्यूलची, तर इंट८ मधली ०.३ ची. इंट८ चे तीन गुणाकार केले तरी ०.९ होतात, चार केले तर १.२. एफपी३२ च्या पाव खर्चाच्या आसपासच राहतो आपण.

त्याच यादीतला आणखी एक आकडा याहून महत्त्वाचा आहे: डीरॅममधून (चिपबाहेरच्या मुख्य मेमरीतून) ३२ बिट वाचायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात. गुणाकार तिप्पट झाले तर फारसं बिघडत नाही, पण त्यासाठी वेट (मॉडेलने शिकलेले आकडे) तीनदा मेमरीतून आणले तर सगळी बचत तिथेच संपते. नव्या चिपवर आकडे लहान झाले आहेत, तरी मेमरी महाग आणि गुणाकार स्वस्त हे गणित तसंच आहे. पुढचे बरेच निर्णय यावरच घ्यायचे आहेत.

पायरी १: अचूकता नेमकी कुठे गळते ते शोधा

सगळ्या लेयर (मॉडेलचे एकापुढे एक असलेले थर) सोळा बिटांवर नेणं म्हणजे उधळपट्टी. आधी मूळ एफपी३२ मॉडेल आणि इंट८ मॉडेल यांना तेच इनपुट द्या. खऱ्या वापरातले, वेगवेगळ्या परिस्थितींतले १०० ते ५०० नमुने पुरतात. मग एका वेळी एकच लेयर इंट८ मध्ये ठेवा, बाकी सगळं एफपी३२ मध्येच राहू द्या आणि शेवटच्या आउटपुटवर सिग्नल-ते-चूक गुणोत्तर काढा: मूळ आउटपुटच्या वर्गांची बेरीज भागिले फरकाच्या वर्गांची बेरीज, त्याचा दहा पायाचा लॉग, गुणिले १०. उत्तर डेसिबलमध्ये येतं.

लेयरच्या स्वतःच्या आउटपुटवर मोजून थांबू नका. काही लेयरमध्ये चूक मोठी दिसते, पण पुढचं रेलू (ऋण मूल्यांना शून्य करणारं फंक्शन) ती गिळून टाकतं. काहींमध्ये ती छोटी असते आणि पुढे वाढत जाते. बहुतेक मॉडेलांत दोषी लेयर मोजक्याच निघतात: पहिली, शेवटची आणि स्किप जोडणीतल्या (मधल्या लेयर ओलांडून पुढे जाणाऱ्या जोडणीतल्या) बेरजा. ट्रान्सफॉर्मरमध्ये काही ठरावीक चॅनलमधली मूल्यं इतरांपेक्षा कितीतरी पट मोठी असतात. स्केल (खरं मूल्य आणि साठवलेला पूर्णांक यांच्यातलं प्रमाण) त्यांच्यासाठी ताणली जाते आणि बाकीच्या चॅनलना वापरायला चार-पाच बिटच उरतात.

तुकडे पाडण्याआधी दोन फुकटचे उपाय करून बघा. वेटसाठी प्रत्येक आउटपुट चॅनलला वेगळी स्केल द्या. आणि मोठ्या चॅनलचं ॲक्टिव्हेशन (लेयरमध्ये येणारी मूल्यं) एका संख्येने भागून तीच संख्या पुढच्या वेटमध्ये गुणून मिसळा. यातून बऱ्याच लेयर सुधारतात. तरीही ज्या रडत राहतात, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी २: हार्डवेअर काय देतं, काय लपवतं

सगळ्यात आधी हे बघा: इंट८ गुणाकारांची ३२ बिटांची कच्ची बेरीज बाहेर मिळते का? काही एक्सलरेटर (न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास चिप) ती आतच आठ बिटांवर आणून टाकतात आणि फक्त इंट८ हातात देतात. तसं असेल तर तुकड्यांची युक्ती तिथे चालणार नाही. वरच्या तुकड्याचं उत्तरच आठ बिटांवर छाटलं गेलं, तर खालच्या तुकड्याने आणलेली अचूकता कुठे ठेवणार? अशा चिपवर नाजूक लेयर सीपीयूवर चालवणं हाच सरळ मार्ग.

दुसरी गोष्ट, मधल्या बेरजेची रुंदी. इंटेल-एएमडी प्रोसेसरवरच्या एव्हीएक्स२ या सूचनासंचातली व्हीपीमॅडयूबीएसडब्ल्यू ही सूचना बिनचिन्ह आठ बिट आणि चिन्हासह आठ बिट यांचे दोन गुणाकार जोडून १६ बिटांत ठेवते. २५५ × १२७ × २ म्हणजे ६४,७७०, आणि १६ बिटांत मावतात जास्तीत जास्त ३२,७६७. बेरीज गुपचूप ३२,७६७ वर अडकते आणि कुठेही इशारा येत नाही. तिथे वेट −६४ ते ६३ मध्येच ठेवावे लागतात. व्हीएनएनआय (न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास सूचना) असलेल्या प्रोसेसरवर बेरीज थेट ३२ बिटांत होते, त्यामुळे ही अडचण नाही. एआरएम प्रोसेसरची एसडॉट सूचनाही चार गुणाकार सरळ ३२ बिटांत जोडते.

काही लायब्ररी −१२८ हे वेट येणारच नाही असं गृहीत धरतात. कारण −१२८ × −१२८ चे दोन गुणाकार ३२,७६८ होतात, म्हणजे १६ बिटांच्या मर्यादेपेक्षा बरोबर एकने जास्त. खालच्या तुकड्यात −१२८ हमखास येतं. त्यामुळे लायब्ररीची ही अट आधी वाचा. अट असेल तर २५६ ऐवजी १२८ च्या पटीत तुकडे पाडा. साधारण एक बिट जातो, पण उत्तर खरं येतं.

कॉर्टेक्स-एम४ सारख्या मायक्रोकंट्रोलरवर तुकड्यांची गरजच नसते. तिथे एसएमएलएडी ही सूचना १६ बिटांचे दोन गुणाकार एकदम करते. फक्त तिची बेरीज ३२ बिटांची आहे आणि पूर्ण आकाराचे दोन गुणाकारच ती भरून टाकू शकतात. ६४ बिटांत जोडणारी एसएमएलएएलडी वापरा.

पायरी ३: संख्या दोन तुकड्यांत फोडा

सोळा बिटांची संख्या = २५६ × वरचा तुकडा + खालचा तुकडा. सगळं यश खालचा तुकडा कसा निवडता यावर आहे. ० ते २५५ असा निवडू नका. −१२८ ते १२७ असा, शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला घ्या. कृती अशी: संख्येत १२८ मिळवा, शेवटचे आठ बिट घ्या, त्यातून १२८ वजा करा, हा झाला खालचा तुकडा. तो मूळ संख्येतून वजा करून २५६ ने भागा, हा वरचा.

१२,३४५ घेऊ. १२८ मिळवून १२,४७३. शेवटचे आठ बिट १८५. खालचा तुकडा ५७, वरचा ४८. ताळा: ४८ × २५६ + ५७ = १२,३४५. आता −७,००१: खालचा −८९, वरचा −२७.

गुणाकार चार भागांत होतो. वरचा-वरचा: ४८ × −२७ = −१,२९६, गुणिले ६५,५३६. दोन तिरपे: ४८ × −८९ = −४,२७२ आणि ५७ × −२७ = −१,५३९, मिळून −५,८११, गुणिले २५६. खालचा-खालचा: ५७ × −८९ = −५,०७३. सगळं मिळून −८,६४,२७,३४५, म्हणजे १२,३४५ × −७,००१ चं अगदी तंतोतंत उत्तर.

इथे एक खड्डा आहे. ३२,६४० किंवा त्याहून मोठ्या संख्येचा वरचा तुकडा १२८ येतो आणि तो इंट८ मध्ये मावत नाही. गुंडाळून −१२८ होतो. उत्तराचं चिन्हच उलटं होतं, आणि तेही फक्त मोठ्या मूल्यांना, म्हणून साध्या चाचणीत हे सापडत नाही. उपाय सोपा: क्वांटायझेशन करताना (खऱ्या मूल्यांचे पूर्णांक बनवताना) कमाल मूल्य ३२,७६७ ऐवजी ३२,६३९ धरा. रेंज जेमतेम ०.४ टक्क्यांनी कमी होते.

झिरो पॉइंट (खऱ्या शून्यासाठी ठरवलेला वेगळा पूर्णांक) इथे ठेवू नका. सोळा बिटांत समतोल, म्हणजे शून्याला शून्यच असणारी स्केल पुरेशी आहे. झिरो पॉइंट आला की प्रत्येक तुकड्याला वेगळी दुरुस्ती करावी लागते, आणि पॅडिंगमध्ये (कडेला भरायच्या जागेत) कोणता आकडा भरायचा याचाही गोंधळ सुरू होतो.

हार्डवेअरला एका बाजूने बिनचिन्ह आठ बिटच लागत असतील तर तुकड्यात १२८ मिळवून पाठवा आणि उत्तरातून १२८ × वेटची बेरीज वजा करा. वेटची बेरीज बदलत नाही, ती आधीच काढून ठेवता येते.

पायरी ४: किती गुणाकार खरंच हवेत?

पहिला प्रयत्न नेहमी सोळा बिटांचं ॲक्टिव्हेशन आणि आठ बिटांचे वेट असा करा. प्रत्येक चॅनलला वेगळी स्केल असली की वेटना आठ बिट बहुधा पुरतात. चणचण असते ती ॲक्टिव्हेशनमध्ये. यात दोनच गुणाकार लागतात आणि वेटचा आकार वाढत नाही, म्हणजे मेमरीचा खर्चही वाढत नाही. माझ्या मते ही सगळ्यात फायद्याची जागा आहे आणि बहुतेकांचं काम इथेच भागतं.

दोन्हीकडे सोळा बिट हवे असतील तर प्रश्न येतो चौथ्या, म्हणजे खालचा-खालचा गुणाकाराचा. वरच्या उदाहरणात तो टाकला तर चूक ८.६ कोटींत ५,०७३, म्हणजे ०.००६ टक्के. जास्तीत जास्त तो २ चा १४ वा घात असू शकतो. पूर्ण आकाराच्या दोन संख्या सोळा बिटांवर राउंड करताना जी चूक आधीच झालेली असते, ती त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून तो गाळणं रास्त आहे.

पण ही सूट समतोल तुकड्यांनाच आहे. समजा १,०२४ गुणाकारांची बेरीज आहे आणि खालचे बिट विखुरलेले आहेत. समतोल तुकड्यांत गाळलेल्या पदांची चिन्हं मिश्र असतात, ती एकमेकांना खातात आणि एकूण चूक साधारण १ लाख ७५ हजाराच्या घरात राहते. ० ते २५५ चे तुकडे असतील तर प्रत्येक पद धन, सरासरी सुमारे १६,२५६. एकूण चूक १ कोटी ६६ लाख. जवळपास ९५ पट, आणि तीही एकाच दिशेला. अशी चूक गोंगाटासारखी दिसत नाही. सगळं आउटपुट सरकतं आणि पुढची लेयर ते सरकलेलं मूल्य खरं मानून चालते.

पायरी ५: बेरजेला जागा द्या

दोन इंट८ चा सर्वांत मोठा गुणाकार १६,३८४, म्हणजे २ चा १४ वा घात. ३२ बिटांच्या ॲक्युम्युलेटरमध्ये (बेरीज साठवायच्या जागेत) असे १,३१,०७१ निर्धास्त मावतात. नेहमीच्या लेयरना भरपूर झालं. याउलट १६ × ८ चा थेट गुणाकार २ च्या २२ व्या घातापर्यंत जातो आणि अशा ५१२ गुणाकारांतच ३२ बिट भरून जाऊ शकतात. ३ × ३ चं कन्व्होल्युशन (प्रतिमेवर छोटी खिडकी फिरवून बेरजा करणारी लेयर) आणि ६४ इनपुट चॅनल म्हणजेच ५७६. तुकड्यांची पद्धत इथे वरचढ ठरते, कारण तुकड्यांच्या बेरजा वेगवेगळ्या जमतात आणि रुंद जागा फक्त शेवटी, जोडणी करताना लागते.

ती जोडणी ६४ बिटांत करा. वरची बेरीज १६ बिटांनी डावीकडे सरकवायची आहे. ३२ बिटांत ती लगेच ओसंडेल. ही जोडणी प्रत्येक आउटपुटला एकदाच होते, प्रत्येक गुणाकाराला नाही, म्हणून तिचा खर्च नगण्य असतो.

दोन्ही तुकडे दोन वेगळ्या कॉलने चालवू नका. ॲक्टिव्हेशनचा वरचा आणि खालचा मॅट्रिक्स एकाखाली एक रचा आणि दुप्पट ओळींचा एकच गुणाकार करा. वेट एकदाच आत येतात आणि दोघांसाठी वापरले जातात. कन्व्होल्युशनमध्ये हेच बॅच (एकदम दिलेल्या इनपुटचा गट) दुप्पट करून साधतं. वेटही फोडले असतील तर त्यांचे तुकडे शेजारी-शेजारी, आउटपुट चॅनलच्या दिशेने ठेवा. चारही बेरजा एका फेरीत मिळतात. यात चौथा गुणाकार गाळता येत नाही, पण वेगळ्या तीन फेऱ्यांपेक्षा हे बहुधा स्वस्तच पडतं.

पायरी ६: परत सोळा बिटांवर येताना

बेरजेला इनपुट स्केल × वेट स्केल ÷ आउटपुट स्केल या गुणकाने गुणायचं असतं. फ्लोट नसलेल्या चिपवर हा गुणक ०.५ ते १ मधली संख्या आणि दोनचा घात असा लिहितात. ०.००३७ असेल तर ०.९४७२ ÷ २५६. मग ०.९४७२ ला २ च्या ३१ व्या घाताने गुणून २,०३,४०,९६,५११ हा पूर्णांक साठवायचा. ६४ बिटांच्या बेरजेला मात्र ३१ बिटांचा गुणक लावला तर ओसंडतं. तिथे १५ बिटांचा गुणक घ्या. त्याची चूक ०.००३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती गोंगाट नसून सगळ्या आउटपुटला सारखीच लागणारी असल्याने चालून जाते.

उजवीकडे सरकवण्याआधी निम्मं मिळवायला विसरू नका: ८ बिट सरकवायचे तर १२८. नुसतं सरकवलं तर ऋण-धन सगळ्याच संख्या खालच्या दिशेला छाटल्या जातात आणि प्रत्येक लेयरला सरासरी अर्ध्या एककाची घसरण साचते. पन्नास लेयरच्या मॉडेलमध्ये ती शेवटी डोळ्यांना दिसते.

बीएफ१६ किंवा एफपी१६ चे गुणक असतील तर

हे दोन्ही सोळा बिटांचे फ्लोटिंग पॉइंट प्रकार. तत्त्व तेच. एफपी३२ मध्ये २४ सार्थ बिट असतात, बीएफ१६ मध्ये आठ. म्हणजे तीन तुकडे. पहिला तुकडा म्हणजे संख्या बीएफ१६ मध्ये राउंड करून, दुसरा उरलेल्याचा, तिसरा त्यातून उरलेल्याचा. नऊ गुणाकारांपैकी सहा ठेवा: पहिला-पहिला, पहिला-दुसरा (दोन्ही बाजूंनी), दुसरा-दुसरा आणि पहिला-तिसरा (दोन्ही बाजूंनी). बेरीज लहान पदांपासून सुरू करा. खालचे बिट नुसते तोडून टाकून बीएफ१६ करू नका, जवळच्या संख्येकडे राउंड करा. नाहीतर उरलेला प्रत्येक भाग मूळ संख्येच्याच चिन्हाचा होतो आणि मघाचाच त्रास परत येतो.

एफपी१६ मध्ये ११ सार्थ बिट असल्याने दोन तुकड्यांत २२ बिटांपर्यंत पोचता येतं. पण त्याची रेंज अरुंद आहे: कमाल ६५,५०४ आणि सर्वांत लहान सामान्य संख्या सुमारे ०.००००६१. ०.२५ हून लहान संख्येचा उरलेला भाग याच्याही खाली जातो आणि त्याचे बिट झडतात. म्हणून उरलेल्या भागाला साठवण्याआधी २,०४८ ने गुणा आणि तिरप्या बेरजा शेवटी २,०४८ ने भागा. दोनचाच घात असल्याने यात राउंडिंगची चूक येत नाही.

एनव्हिडियाच्या टेन्सर कोअरमध्ये (जीपीयूतल्या मॅट्रिक्स गुणाकाराच्या भागात) आतली बेरीज जवळच्या संख्येकडे न जाता शून्याकडे छाटली जाते, असं अभ्यासकांना आढळलं आहे. लांब बेरजेत याचा परिणाम साचतो आणि तुकडे पाडूनही अपेक्षित अचूकता येत नाही. बेरीज छोट्या गटांत तोडा आणि गटांची बेरीज बाहेर, साध्या एफपी३२ मध्ये करा.

आणि कंपायलरचा फास्ट-मॅथ पर्याय या फाइलींपुरता बंद ठेवा. 'संख्या वजा तिचाच राउंड केलेला भाग' यासारख्या ओळी तो बीजगणिताने सोपं करण्याच्या नादात बदलून टाकू शकतो, आणि मग दुसरा तुकडा शून्यच निघतो.

गुणाकाराबाहेरची कामं

मॅट्रिक्सचा गुणाकार अचूक करून सॉफ्टमॅक्स (घातांक घेऊन मूल्यांच्या शक्यता काढणारं फंक्शन) आठ बिटांत ठेवलं तर कष्ट वाया जातात. आधी कमाल मूल्य वजा करा, म्हणजे घातांक नेहमी शून्य किंवा ऋण राहतो. −१० ते ० एवढी रेंज घेऊन ५१३ नोंदींचा तक्ता करा आणि दोन नोंदींच्या मधे सरळ रेषेने मूल्य काढा. कमाल चूक सुमारे ०.००००४८ येते, सोळा बिटांच्या एककाच्या दीडपट. −१० च्या पलीकडचं मूल्यही तेवढंच लहान असतं, त्यामुळे तक्ता लांबवून फायदा नाही.

लेयरनॉर्ममध्ये (मूल्यं सरासरीभोवती एका मापात आणणाऱ्या पायरीत) 'वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग' हे सूत्र टाळा. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत सगळे उपयोगी बिट उडून जातात. आधी सरासरी काढा, मग फरकांचे वर्ग जोडा, तेही ६४ बिटांत. स्किप जोडणीचा प्रवाह शेवटपर्यंत सोळा बिटांतच वाहू द्या. बाकीच्या लेयर इंट८ मध्ये असल्या तरी हा एक बदल कितीतरी डेसिबल परत आणतो.

तपासणीचा क्रम

आधी चारही गुणाकार ठेवून साध्या ६४ बिटांच्या संदर्भ कोडशी उत्तर एकेका बिटापर्यंत जुळवा. पूर्णांकांचा हिशेब आहे. 'जवळपास जुळतंय' म्हणजे कुठेतरी चूक आहे. इनपुट मुद्दाम टोकाचे द्या: सगळे ३२,६३९, सगळे −३२,६३९, आलटून-पालटून दोन्ही, सगळे शून्य आणि एकच १, आणि खालचा तुकडा −१२८ येईल असे, जसे १२८ किंवा ३८४. सर्वांत लांब बेरीज असलेली लेयर यातून सुटता कामा नये. हे जुळल्यावरच चौथा गुणाकार गाळा आणि डेसिबल पुन्हा मोजा. फरक अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त पडला, तर तुकडे समतोल आहेत का आणि इनपुट रेंज पूर्ण वापरतंय का ते बघा. रेंजचा जेमतेम शंभरावा भाग वापरणाऱ्या इनपुटमध्ये वरचा तुकडा जवळजवळ रिकामा असतो आणि सगळा जीव खालच्या तुकड्यात असतो. तिथे स्केल सुधारा, ते जमत नसेल तर चौथा गुणाकार ठेवा.

ऊर्जा मात्र प्रत्यक्ष बोर्डावर, पूर्ण इन्फरन्सच्या (मॉडेलने एक उत्तर काढण्याच्या) काळात मोजा. निव्वळ गुणाकार मोजून काढलेला अंदाज फसवा असतो, कारण तुकडे पाडण्यासाठी ॲक्टिव्हेशन पुन्हा मेमरीत लिहिलं जात असेल तर तो खर्च त्यात दिसत नाही. फोडण्याचं काम मागच्या लेयरच्या शेवटच्या टप्प्यातच उरका: बेरीज सोळा बिटांवर आणली, ती रजिस्टरमध्ये असतानाच दोन तुकडे केले आणि तसेच लिहिले. दोन आठ-बिटी तुकडे एका सोळा-बिटी संख्येएवढीच जागा घेतात, त्यामुळे मेमरीवर जास्तीचा एक बाइटही पडत नाही.